सहाशे कोटींचा गल्ला आणि सिनेमाचा दर्जा: आकडा नक्की काय सांगतो?

रामबागकर (धागाकर्ता)

आपल्या मंडळाच्या मासिक सिनेमा-गप्पांत सध्या एकच वाद पेटलाय. एक गट म्हणतो, ज्या सिनेमानं पाच-सहाशे कोटी कमावले तो वाईट असूच शकत नाही. एवढी माणसं खिशातले पैसे काढून उगाच जातात का? दुसरा गट म्हणतो, गल्ला हा जाहिरात आणि स्क्रीनचा खेळ आहे, कलेशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. गल्ल्यातून सिनेमाच्या गुणवत्तेबद्दल काही कळत असेल तर ते कुठल्या आकड्यातून? आणि काहीच कळत नसेल, तर लोकांच्या पसंतीला आपण इतकं बिनकामाचं ठरवायचं का?

इंदूर म्हणजे सेंट्रल इंडिया सर्किट या सिनेमा-वितरणाच्या विभागाचं जुनं गाव. टॉकीजांची नावं चौराह्यांना आणि रस्त्यांना चिकटलीत: रीगल, मधुमिलन, सपना-संगीता. हिशेब जाणणाऱ्यांनी इथे तो सोडवून दाखवावा. पुढच्या सहा महिन्यांसाठी मंडळाला सिनेमे निवडायचेत, तेव्हा निकषही हवाय.

गल्लापेटी

आधी "सहाशे कोटी" म्हणजे काय ते बघू. पोस्टरवर छापतात तो ग्रॉस, म्हणजे प्रेक्षकानं खिडकीवर दिलेले सगळे पैसे, करासकट. त्यातून जीएसटी वजा केला की नेट. नेटमधून थिएटरचा वाटा गेला की वितरकाचा शेअर. हिट की फ्लॉप हे शेअरवर ठरतं, आणि वाद मात्र नेहमी ग्रॉसवर चालतो.

एक तिकीट घेऊ, 236 रुपयांचं. शंभराच्या वरच्या तिकिटाला 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36 रुपये सरकारचे आणि 200 नेट. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांशी वाटणी कशी होते, ते 2009 च्या तंट्यानंतर ठरलं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे हिंदी सिनेमे देणंच थांबवलं होतं. तडजोड अशी झाली: पहिल्या आठवड्यात वितरकाला नेटचे 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यापासून 30.

म्हणजे त्याच खुर्चीवर, त्याच तिकिटावर वितरकाला पहिल्या आठवड्यात 100 रुपये मिळतात, दुसऱ्यात 85, तिसऱ्यात 75 आणि चौथ्यात 60. आता तुम्हीच वितरक आहात असं समजा. सिनेमा हळूहळू लोकांपर्यंत पोचावा असं तुम्हाला वाटेल, की पहिल्या सात दिवसांत मिळेल तेवढं उरकून घ्यावं असं? हजारो स्क्रीनवर एकदम उतरायची ओढ इथून येते. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला सिनेमा बरा की वाईट हे कळायच्या आतच जमा झालेला असतो. तो आकडा ट्रेलर, नट, सणाची तारीख आणि स्क्रीन यांचा आहे. सिनेमाच्या आतल्या मालाचा तो नाही.

स्नेहलतागंज

गल्लापेटी दादांचा प्रतिसाद मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला हवा. "करमुक्त" केल्यावर काय होतं तेही सांगा, त्यावरही भांडणं होतात.

गल्लापेटी

करमुक्त म्हटलं तरी पूर्ण कर जात नाही. 18 मधले 9 टक्के केंद्राचे, ते राहतातच. राज्य आपले 9 सोडतं किंवा परत करतं. 236 चं तिकीट 218 ला पडतं. अठरा रुपयांसाठी कोणी न आवडलेला सिनेमा बघायला जात नाही. फायदा होतो तो बातमीचा.

खिडकी_नंबर_दोन

गल्ल्याइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे शोची वाटणी. समजा एका मल्टिप्लेक्सात सहा पडदे आहेत, प्रत्येकी 200 खुर्च्या आणि रोज पाच शो. एकूण 30 शो, 6000 खुर्च्या. मोठ्या सिनेमानं 18 शो घेतले. छोट्याला एक मिळाला, सकाळी सव्वानऊचा.

मोठ्याच्या 3600 खुर्च्यांपैकी 40 टक्के भरल्या, म्हणजे 1440 माणसं. छोट्याच्या 200 पैकी 160 भरल्या, 80 टक्के. संध्याकाळच्या बातमीत मोठा सिनेमा नऊपट पुढे. पण दुपारी दोनला ज्याला छोटा बघायचा होता त्याला शोच नव्हता. त्याची पसंती मोजलीच गेली नाही. इंदुरात मराठी सिनेमा लागतो तेव्हा हेच होतं. आठवड्यात एखाद-दुसरा शो, तोही नोकरदाराला न जमणाऱ्या वेळी, आणि मग निष्कर्ष तयार: "इथे मराठी चालत नाही."

धंदेवाईक_इंदुरी

भिया, दुसरी बाजूही बघा. 80 टक्के भरलेला एकुलता शो दाखवून छोटा सिनेमा लोकांना जास्त आवडला असं म्हणता येत नाही. शहरभरात 160 माणसं तयार असतील तर एक शो भरणारच. दुसरा दिला की दोन्ही अर्धे रिकामे पडतात. थिएटरवाला कलेचा शत्रू नाही. वीज, एसी, भाडं, पगार हे खर्च रिकाम्या शोलाही तेवढेच लागतात, आणि त्याची खरी कमाई पॉपकॉर्नवर होते, म्हणून त्याला माणसं हवीत.

जुन्या टॉकीजमध्ये यासाठी होल्डओव्हरचा आकडा ठरलेला असे. आठवड्याचा गल्ला त्याच्या वर गेला तर पुढचा आठवडा मिळायचा, खाली गेला तर शुक्रवारी दुसरा सिनेमा लागायचा. नियम कडक असला तरी सगळ्यांना सारखा होता. आज शो कमी करायचा निर्णय सोमवारी सकाळीच होतो.

संकलक

सोमवारचा विषय निघालाच आहे तर मूळ प्रश्नाचं उत्तर तिथेच शोधू. शनिवार-रविवारी सुट्टी, कुटुंब, उत्साह असतो. सोमवारी कामाच्या दिवशी जो वेळ काढतो, तो बहुतेक कोणाच्या तरी सांगण्यावरून येतो. उदाहरणासाठी दोन काल्पनिक सिनेमे घेऊ, आकडे नेट कोटींत.

पहिला: शुक्रवार 30, शनिवार 33, रविवार 38, सोमवार 11. दुसरा: शुक्रवार 3, शनिवार 4.5, रविवार 6, सोमवार 2.8.

पहिल्याचा सोमवार शुक्रवारच्या 37 टक्के आहे, दुसऱ्याचा 93 टक्के. धंद्यातला अंदाज असा की सोमवार शुक्रवारच्या निम्म्याच्या वर राहिला तर सिनेमा धरून आहे. पुढच्या शनिवार-रविवारपर्यंत पहिल्याचे तीन दिवस 101 वरून 25 वर आले आणि दुसऱ्याचे 13.5 वरून 12 वर. दोघांच्या एकूण गल्ल्यात काही पटींचा फरक राहील. तरी ज्यांनी पाहिला त्यांनी शेजाऱ्याला काय सांगितलं हे विचाराल तर दुसरा सिनेमा जिंकलाय.

रामबागकर, पहिला आठवडा सोडून द्या. दुसऱ्या शनिवारची पडझड आणि तिसऱ्या आठवड्यात उरलेले शो, हे दोन आकडे लिहून ठेवा.

वडोदऱ्याहून_वासंती

संकलक, पद्धत पटली, पण तिला भोकं आहेत. सोमवारी सण आला तर आकडा फुगतो. सिनेमा गुरुवारी लागला तर तुलनेचा दिवसच बदलतो. काही साखळ्या मंगळवारी तिकीट स्वस्त करतात, तेव्हा डोकी वाढतात आणि रुपये तितकेसे वाढत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात नवा मोठा सिनेमा आला तर चांगला सिनेमाही शो गमावून पडतो. शिवाय कंपन्या, संघटना घाऊक तिकिटं काढून वाटतात ती वेगळीच. बुकिंगच्या नकाशावर मागच्या रांगा मोकळ्या आणि मधल्या चार रांगा टोकापासून टोकापर्यंत एका रंगात भरलेल्या दिसल्या की समजावं. सुटी माणसं अशी बसत नाहीत. ती दोन-दोन, तीन-तीन खुर्च्या घेतात आणि मध्ये एखादी सोडतात.

रुपयांपेक्षा तिकिटांची संख्या बघावी. काही रुपयांचं तिकीट असताना चाललेला सिनेमा आणि आजचा चारशेच्या आरामखुर्चीतला सिनेमा, यांची कोटींत तुलना करणं व्यर्थ आहे.

नाट्यवेडी_तुकोगंज

तुम्ही सगळे पसंती मोजताय. कला कुठे मोजलीत?

1975 बघा. त्याच वर्षी 'शोले' आला आणि 'जय संतोषी माँ'ही. दुसरा अगदी थोड्या पैशांत झालेला. लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत, पडद्यावर फुलं-नाणी उधळत. संकलकांच्या सोमवारच्या परीक्षेत तो पैकीच्या पैकी गुण मिळवेल. म्हणून तो चित्रपटकलेचा नमुना होतो का? त्याच्या ट्रिक-दृश्यांचे जोड आजही उघडे दिसतात. लोक देवीसाठी आले होते.

आणि उलटं उदाहरण 1959 चा 'कागज़ के फूल'. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे अतिरुंद पडद्याचा सिनेमा. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओत बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवरून फिरवून आत घेतलं आणि तो प्रकाशाचा झोत उभा केला, ज्यात दोन माणसं समोरासमोर असूनही एकमेकांपासून तुटलेली दिसतात. सिनेमा आपटला. गुरुदत्तनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही. मूर्तींना पुढे 2008 चा फाळके पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले छायालेखक. पण 1959 च्या कुठल्या सोमवारच्या आकड्यानं हे सांगितलं असतं?

सराफा_रात्री

'शोले'चं नाव निघालं आणि सलीम खान इंदूरचे हे अजून कोणी म्हटलं नाही! नोंद व्हावी.

संकलक

नाट्यवेडी ताई, मग 'शोले'च घेऊ, कारण त्यात दोन्ही धागे एकत्र येतात. 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा पहिल्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी तो पडला असं सांगून टाकलं होतं. मग तो उठला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून जास्त चालला. फिल्मफेअरमध्ये त्याला एकच बक्षीस मिळालं, संकलनाचं, माधव शिंदे यांना. म्हणजे समीक्षक, पुरस्कार आणि पहिला आठवडा, तिघांचाही अंदाज चुकला आणि तोंडी प्रसिद्धीचा बरोबर आला.

पण एवढ्यावर थांबू नका. ते एकमेव बक्षीस कशासाठी, ते ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात बघा. गोळी लागते, माणूस पडता पडता चित्र गोठतं. मग पुढची गोळी, पुन्हा गोठतं. संगीतानं रडवायचा प्रयत्न नाही, झोपाळ्याची करकर ऐकू येत राहते. शेवटची गोळी मुलावर रोखलेली असते. ती लागताना दाखवत नाहीत. त्या आवाजावरून थेट आगगाडीवर कट आहे, ठाकूर घरी येतोय. प्रेक्षकाला जे कळलंय ते ठाकूरला अजून कळायचंय, आणि हे अंतर शब्दाशिवाय, एका कटमध्ये तयार होतं.

हजारो लोकांनी हा सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला तेव्हा त्यांनी "काय संकलन आहे" असं म्हटलं नसेल. पण सव्वातीन तासांच्या आसपासच्या सिनेमात कोणी कंटाळत नाही, यामागे हीच कारागिरी आहे. गल्ला कलेचा पुरावा नसेल, पण टिकलेल्या गल्ल्यामागे कारागिरी शोधली तर बहुधा सापडते, असं माझं ठाम मत आहे.

नाट्यवेडी_तुकोगंज

"बहुधा" वर माझा आक्षेप राहील, पण झोपाळ्याच्या आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत.

'जय संतोषी माँ'बद्दल स्वतःच्याच म्हणण्याला एक जोड देते. तिथेही कोणीतरी विचार करूनच आरती कुठे यावी, देवीचा चेहरा किती वेळ धरावा हे ठरवलं. सिनेमागृहाचं देऊळ होणं ही साधी गोष्ट नाही. पण ते भक्तीचं यश आहे, आणि मोजायचंच तर त्या मापानं मोजावं.

प्रोजेक्टर_केबिन

थोडं विषयांतर, पण गल्ल्याशी थेट संबंध आहे. प्रेक्षक "सिनेमा बोअर होता" म्हणतो तेव्हा कित्येकदा दोष हॉलचा असतो.

2डी सिनेमाला पडद्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) उजेड हवा. प्रोजेक्टरमधल्या झेनॉन दिव्याचे तास संपत आले की तो उतरतो, आणि खर्च वाचवायला दिवा बदलत नाहीत. काही ठिकाणी 3डी चा फिल्टर लेन्सपुढून काढायचाच राहतो आणि त्यातूनच 2डी दाखवतात; मग निम्म्याहून जास्त उजेड जातो. दिवसाउजेडी घडणाऱ्या विनोदी सिनेमाला हे चालून जातं. रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात चित्रित केलेला सिनेमा अशा हॉलमध्ये मातीमोल होतो.

आवाजाचंही तेच. डॉल्बीच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर, 7 ही प्रमाण पातळी. मिक्सिंग करताना तिथेच ऐकलेलं असतं. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश असतात, तक्रार येते, ऑपरेटर फेडर 5 वर आणतो आणि मुख्य सिनेमालाही तिथेच ठेवतो. म्हणजे साडेसहा डेसिबलच्या आसपास कमी. मारामारी तरीही ऐकू येते. पुटपुटलेलं वाक्य, श्वास, दूरचा कुत्रा, झोपाळ्याची करकर, हे सगळं एसीच्या घरघरीखाली बुडतं. मोठा गोंगाटी सिनेमा वाईट हॉलमध्येही तरतो, बारीक कामाचा मरतो. गल्ल्यात ही तफावतही मिसळलेली असते.

मालवी_पोहे

रात्र-पाऊस-कंदील म्हटलं की 'तुंबाड'! राही अनिल बर्वेचा. 2018 च्या ऑक्टोबरात आला तेव्हा जेमतेम चालला. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लावला आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा जास्त कमाई झाली. सिनेमा तोच, फ्रेम त्याच. मग 2018 मध्ये त्यात कला कमी होती आणि 2024 मध्ये वाढली असं कोणी म्हणेल का?

गल्लापेटी

नाही वाढली. जे वाढलं ते असं: मधल्या सहा वर्षांत तो घरोघरी मोबाइलवर पोचला होता, म्हणजे पुनर्प्रदर्शनाची जाहिरात प्रेक्षकांनीच आधी करून ठेवली होती. जुन्या सिनेमाला उत्पादन खर्च भरून काढायचा नसतो, म्हणून तिकीटही आवाक्यात ठेवता येतं. आणि ज्यांनी छोट्या पडद्यावर पाहिला त्यांना कळलं होतं की हा मोठ्या पडद्यासाठी केलेला आहे.

"हिट" या शिक्क्याबद्दलही थोडं सांगतो. तो खर्चाच्या तुलनेत असतो. 300 कोटी नेट मिळवलेल्या सिनेमाचा शेअर ढोबळमानानं 140 च्या घरात आला आणि खर्च 350 असेल, तर तो थिएटरांत बुडाला. तरी निर्माता बुडेलच असं नाही. टीव्ही, ओटीटी आणि संगीताचे हक्क प्रदर्शनाआधीच विकलेले असतात, आणि ते नट आणि दिग्दर्शकाच्या नावावर विकले जातात. त्या पैशांचा प्रेक्षकाच्या मताशी काडीचा संबंध नाही, कारण प्रेक्षकानं तेव्हा काही पाहिलेलंच नसतं.

खिडकी_नंबर_दोन

'सैराट'शिवाय हा धागा पुरा होणार नाही. 29 एप्रिल 2016. सुमारे चार कोटींत झालेला, शंभर कोटींचा ग्रॉस ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' जातीवरच होता, त्याला एवढा प्रेक्षक आला नाही. म्हणजे फरक गाण्यांचा, असंच ना?

नाट्यवेडी_तुकोगंज

गाण्यांनी लोक आत आणले, हे खरं. पण पुढे काय घडतं ते बघा. पूर्वार्धात स्लो-मोशन, विहीर, ऊस, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केलेला भरगच्च वाद्यवृंद. प्रेमात पडलेल्या पोरांना जग जसं दिसतं तसंच कॅमेऱ्याला दिसतं. उत्तरार्धात हैदराबाद, पत्र्याची खोली, आणि गाणी गायब. त्याच माणसांकडे कॅमेरा आता साध्या नजरेनं बघतो. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा करते, आणि पुढच्या दृश्यात आवाजच काढून घेतलाय. लहान मूल चालत जातं, फरशीवर लाल पावलं उमटतात.

'झिंगाट'वर नाचायला आलेल्या प्रेक्षकाला हे दाखवलं आणि तरी त्यानं दुसऱ्याला "जा, बघ" असं सांगितलं. सुखान्त नसताना आकडा टिकला, तो शेवटाच्या बळावर टिकला. इथे मी संकलकांच्या बाजूला येते: अशा सिनेमात गल्ला आणि कला यांना वेगळं काढता येत नाही. पूर्वार्ध लोकप्रिय आणि उत्तरार्ध कलात्मक अशी वाटणी कोणी केली तर तीही मला मान्य नाही. पूर्वार्ध तसा नसता तर शेवटच्या शांततेत काही हरवल्यासारखं वाटलंच नसतं.

धंदेवाईक_इंदुरी

ताई, मग 'कोर्ट'? व्हेनिसला बक्षीस, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक, ऑस्करसाठी भारताची निवड. शो किती आणि प्रेक्षक किती? लोकांनी नाकारला असं का म्हणू नये?

खिडकी_नंबर_दोन

नाकारण्यासाठी आधी समोर यावं लागतं. वर लिहिलेलं सव्वानऊचं गणित पुन्हा वाचा, भिया.

वडोदऱ्याहून_वासंती

आणि 'कोर्ट' लोकांकडून वेगळी मेहनत मागतो. कॅमेरा लांब उभा, शॉट दीर्घ. न्यायालयात तारखेनंतर तारीख पडते आणि सिनेमा वकील, न्यायाधीश यांच्या मागे त्यांच्या घरी जातो. हॉटेलात जेवताना, भाजी घेताना, सहलीला गेल्यावर माणूस कसा वागतो ते दाखवतो, आणि मग तोच माणूस न्यायालयात आपल्याला वेगळा दिसतो. हे सावकाश साठत जातं. शुक्रवार संध्याकाळच्या गर्दीला ते रुचलं नाही तर गर्दीचं चुकलं असं मी म्हणणार नाही आणि सिनेमाचंही चुकलं नाही. अशा सिनेमाला सभासद लागतात. आपल्याकडे इंदुरात सानंद ही संस्था नाटकांसाठी तेच करते ना? वर्षाची वर्गणी आधी भरलेली, म्हणून प्रयोग निवडताना या महिन्यात खिडकीवर काय विकेल याचा धाक कमी असतो. सिनेमाला अशी सोय जवळजवळ नाही, म्हणून तो तीन दिवसांच्या गल्ल्याचा गुलाम झालाय.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आता मंडळापुरतं विचारतो. सिनेमे निवडताना प्रत्यक्षात काय करावं?

संकलक

गल्ल्याचे आकडे गप्पांसाठी ठेवा, पण ग्रॉस सोडून. पहिला शनिवार-रविवार, दुसरा शनिवार-रविवार, तिसऱ्या आठवड्यातले शो. एवढं पुरतं.

निवड समितीनं सिनेमातली कुठलीही दहा मिनिटं आधी आवाज बंद करून बघावीत, मग तीच दहा मिनिटं डोळे मिटून ऐकावीत. आवाज बंद असताना कोण कोणावर दबाव आणतंय हे कळतं का? की नुसती बोलणारी तोंडं दिसतात? डोळे मिटल्यावर जागा कळते का, खोली लहान की मोठी, बाहेर रस्ता आहे की शेत? की सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार्श्वसंगीतच आहे? हजार कोटींचा सिनेमा यात पास होतो आणि पुरस्कारवाला नापास, असंही दिसेल. दोन्हीकडे खोट सापडते, तेव्हा समितीनं आधी मत न बनवता बसावं.

स्नेहलतागंज

एक गल्ल्यात जिंकलेला आणि एक हरलेला, अशी जोडी लावा. 'कागज़ के फूल' आणि पुढच्या महिन्यात 'सैराट'.

प्रोजेक्टर_केबिन

जोडी छान आहे. आता तांत्रिक बाबी लक्षात घ्या.

ओटीटीचं खातं घरगुती वापरासाठी असतं; सभागृहात दाखवायला हक्कदाराची लेखी परवानगी लागते, प्रवेश मोफत असला तरी. महिनाभर आधी पत्र टाका. मल्टिप्लेक्सचा पडदा भाड्यानं घेणार असाल तर सिनेमा डीसीपीवर, म्हणजे थिएटरसाठीच्या कुलूपबंद डिजिटल फाइलवर, येईल आणि ती उघडायला केडीएम ही डिजिटल किल्ली लागेल. ती विशिष्ट सर्व्हरसाठी आणि ठराविक वेळेपुरती असते. ऐनवेळी दुसरा पडदा दिला तर फाइल उघडत नाही. किल्लीची वेळ आंतरराष्ट्रीय घड्याळात लिहिलेली असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तासांचा फरक पडतो. संध्याकाळी सहाचा शो असेल तर त्या घड्याळानं किल्ली उशिरात उशिरा दुपारी साडेबाराला चालू हवी. शक्यतो किल्ली आदल्या दिवसापासूनची मागा आणि तेव्हाच पाच मिनिटं चालवून बघा.

मंडळाच्या हॉलमध्येच करणार असाल तर 12 फूट रुंदीच्या पडद्यावर 16:9 चित्र पावणेसात फूट उंच होतं, म्हणजे 81 चौरस फूट. वरच्या 14 फूट-लॅम्बर्टनं गुणलं की 1134 ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रत्यक्ष पडद्यावर हवेत. प्रोजेक्टरवर छापलेला आकडा प्रत्यक्षात बराच कमी भरतो, म्हणून 3000 च्या खाली घेऊ नका, आणि खिडक्यांना काळे पडदे लावा. सिनेमास्कोपचं चित्र त्याच रुंदीत पाच फूटच उंच येईल, तेव्हा वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की चित्र ताणू नका. ताणलं तर मूर्तींच्या झोतातली माणसं लांबुळकी होतील.

नाट्यवेडी_तुकोगंज

'सैराट'च्या आवाजाचं काय करावं? हॉलमध्ये घुमतो फार.

प्रोजेक्टर_केबिन

भिंतीला सतरंज्या टांगा, मागच्या भिंतीला आधी. प्रतिध्वनी तिथून परत येतो. आणि आवाजाची पातळी 'झिंगाट'वर ठरवू नका. त्यावर ठरवली तर कोणीतरी "कमी करा" म्हणणार आणि पुढची सगळी हैदराबादची बोलणी ऐकू येणार नाहीत. पत्र्याच्या खोलीतलं दोघांचं भांडण लावा, शेवटच्या रांगेत बसा, प्रत्येक शब्द कळेपर्यंत वाढवा आणि तिथे खूण करून बटणावर चिकटपट्टी लावून टाका. मग गाणं जेवढं मोठं वाजेल तेवढं वाजू द्या. पंखे मात्र शेवटच्या वीस मिनिटांत बंद ठेवा.

रामबागकर

परवानगीची पत्रं या आठवड्यात टाकतो. सतरंज्या कोणाकडे आहेत त्यांनी इथेच कळवा. आठ तरी लागतील.